डोंग्यातली संध्याकाळ

मासेमारी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्र उभा राहतो. वसई-वर्सोव्याचे कोळीवाडे, नारळी पौर्णिमा, शिडाच्या होड्या, वाळत घातलेले बोंबील. गोड्या पाण्यातला मासा आणि तो धरणारा माणूस आपल्या कथा-कादंबऱ्यांत, चित्रपटांत क्वचितच दिसतो. महाराष्ट्राचे पूर्वेकडचे टोक मात्र गोड्या पाण्याच्या मासळीवर पोसले गेले आहे. अरबी समुद्रापासून सुमारे आठशे किलोमीटर दूर, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या आठवडी बाजारात गेलात तर सुक्या मासळीचे ढीग दिसतात आणि त्यांच्याभोवती बायकांची गर्दीही दिसते. तळ्यातली, नाल्यातली, नदीतली ही मासळी. ती धरायची कशी, कोणी आणि केव्हा, याचे इथे एक पूर्ण शास्त्र आहे. आणि त्या शास्त्रात एक गोष्ट अशी आहे की तिला पोटाचा उद्योग म्हणावे की करमणूक, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही. ती गोष्ट म्हणजे दोघा-चौघा मित्रांनी संध्याकाळी तलावावर जाणे, गरी टाकून बसणे आणि अंधार पडल्यावर परतणे.

आपण ज्याला गळ म्हणतो त्याला या भागात गरी म्हणतात.

उत्तरेच्या तळ्यांवर

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट श्रीमंत छंद म्हणून ओळखली जाते. फिनलंड, स्वीडन, कॅनडा या उत्तरेकडच्या देशांत तळ्यांची गणती लाखात होते. एकट्या फिनलंडमध्ये लहानमोठी एक लाख ऐंशी हजारांहून अधिक तळी आहेत. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. कामावरून सुटलेली मित्रमंडळी मोटारीच्या टपावर कयाक नावाची हलकी, निमुळती होडी बांधून तळ्यावर जातात. पाणी आरशासारखे झालेले असते. पाण्यातून किडे वर येऊ लागतात आणि ते टिपायला मासे पृष्ठभागावर येतात. अशा वेळी हे लोक पिसांची खोटी माशी बांधलेला गळ पाण्यावर अलगद उतरवतात.

या प्रकाराची गंमत अशी की माशीला वजन नसते. आपल्याकडे गळाला शिशाचा तुकडा बांधून तो फेकतात. तिथे जाड दोरीलाच वजन असते आणि ती डोक्यावरून मागेपुढे झुलवत तिच्या जोरावर माशी पोचवायची असते. इंग्रजांनी या कलेवर ढीगभर पुस्तके लिहिली. आयझॅक वॉल्टनचे या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचे, म्हणजे शिवरायांच्या काळातले. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनी हा छंद बरोबर आणला. मद्रासकडच्या एच. एस. थॉमस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला.

आणि ही पिसे येत कुठून? त्यांतली काही आपल्याच जंगलांतून जात. राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चकाकणारे पिवळट-पांढरे ठिपके असलेली पिसे असतात. विलायतेत साल्मन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या माश्यांमध्ये या पिसांना मोठा मान होता. रानकोंबड्याला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर हा व्यापार थांबला. दक्षिणेचा राखी रानकोंबडा आणि उत्तरेचा तांबडा रानकोंबडा या दोघांच्या सीमा गोदावरीच्या आसपासच्या जंगलांत एकमेकींना भिडतात. तेव्हा परक्या देशातल्या तळ्यावरच्या त्या संध्याकाळीचा एक धागा आपल्या पूर्व विदर्भाजवळून जातो, असे म्हणायला हरकत नाही.

कयाकचा इतिहास तर याहून बोलका आहे. ही होडी मुळात ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर शिवलेले सीलचे कातडे. ती एकेका माणसाच्या मापाने बेतलेली असे, कारण तिच्यात बसून त्याला बर्फाळ समुद्रात सीलची शिकार करायची असे. शिकार साधली नाही तर घर उपाशी राही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती झाल्या. आज प्लॅस्टिकची कयाक जगभर मिळते. पोटाचे साधन होते, ते खेळाचे साहित्य झाले. वाईट झाले असे नव्हे. मात्र ज्यांची ती होडी होती त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही.

डोंगा आणि ट्यूब

एटापल्लीची कयाक म्हणजे डोंगा. एका अखंड खोडाचा गाभा कोरून काढलेली, दोन्ही टोकांना किंचित निमुळती, सपाट बुडाची होडी. वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत सगळीकडे हा डोंगा दिसतो. मासे धरायला तो लागतोच, पण पावसाळ्यात जिथे पूल नाही तिथे शाळेतली मुले, बाळंतीण, रेशनचे धान्य आणि सायकल हे सगळे डोंग्यातूनच पलीकडे जाते. डोंगे उलटून माणसे बुडाल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. म्हणून डोंग्याविषयी फार काव्यमय होण्यात अर्थ नाही.

अलीकडे अखंड खोड मिळणे अवघड झाले आहे. मोठी झाडे कमी झाली आणि जी आहेत ती तोडायला परवानगी नाही. मग लहान तलावांवर ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आली. ट्यूबमध्ये हवा भरायची, वर फळी किंवा दोरीचे जाळे बांधायचे आणि पाय पाण्यात सोडून बसायचे. काही ठिकाणी थर्माकोलचे तुकडे पोत्यात भरून तराफा करतात. शहरातून आलेल्याला हे गरिबीचे लक्षण वाटते. अमेरिकेतही छांदिष्टांनी पूर्वी ट्रकच्या ट्यूबमध्ये बसूनच तळ्यात गळ टाकायला सुरुवात केली होती; आज तसल्या तयार तरंगत्या बैठका तिथे दुकानात विकत मिळतात. पाण्यावर निवांत बसायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर माणसाने सगळीकडे साधारण एकच काढलेले दिसते.

तळ्यांचे म्हणाल तर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हा महाराष्ट्राचा तलावांचा मुलूख. इथे जुने मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या राज्यात जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी समाजाने या कामात नाव कमावले. उताराचा अंदाज घेऊन पाळ कुठे घालायची, पाणी सोडण्याचे तुडुम कुठे ठेवायचे, सांडवा कोणत्या बाजूला काढायचा, हे त्यांना यंत्राशिवाय कळे. मोठ्या तलावाला तलाव म्हणायचे आणि शेतातल्या लहानग्याला बोडी. एटापल्लीकडे डोंगर आणि जंगल अधिक, त्यामुळे मोठे तलाव विरळ. पण बोड्या, नाले आणि नदीचे डोह भरपूर. तालुक्यातल्या बांडिया नदीचे पाणी पुढे इंद्रावतीला मिळते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. माडिया गोंडांची बहुतेक गावे अशा कुठल्या ना कुठल्या पाण्याच्या कडेला वसलेली असतात. गोंडी भाषेत माशाला ‘मीन’ म्हणतात. संस्कृतात आणि तमिळमध्येही हाच शब्द आहे. शब्द इतका जुना म्हणजे ओळखही तितकीच जुनी.

एक संध्याकाळ

गेल्या कार्तिकातली गोष्ट. एटापल्लीपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात तिथले शिक्षक मित्र, त्यांच्या शाळेचे एक जुने विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्याचे मामा यांच्याबरोबर तलावावर जाण्याचा योग आला. धान कापणीला आले होते, त्यामुळे तलावाचे पाणी सोडून झाले होते आणि कडेचा चिखल उघडा पडला होता. पाळीवर मोहाची दोन जुनी झाडे होती. तलावात एक डोंगा होता आणि दोन ट्यूब. तयारी म्हणावी तर बांबूच्या चार काठ्या, नायलॉनचा धागा, बाजारातून आणलेल्या गऱ्या, तरंगण्यासाठी वाळलेल्या काडीचे तुकडे, डब्यात ओल्या मातीतली गांडुळे आणि एका मडक्यात पाच-सहा लहान बेडूक.

“बेडूक कशाला?” असे विचारल्यावर मामा हसले.

“गांडुळाले लहान मासोरी येते जी. मरळ बेडकाले येते.”

साडेपाचला सूर्य डोंगराआड गेला. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. उत्तरेच्या लोकांना दोन तास मिळतात ते आपल्याला अर्ध्या तासात उरकावे लागते. म्हणून इथल्या माणसाला त्या अर्ध्या तासाची नेमकी पारख असते. बगळे उठून गेले. पाण्यावर चिलटांचे थवे उतरले आणि ठिकठिकाणी लहान वर्तुळे उमटू लागली. लहान मासे किडे टिपत होते. मामांनी डोंगा कमळाच्या पानांच्या कडेला नेला आणि वल्हे आडवे ठेवून दिले. मग कोणी बोलेना. आवाजाने मासा पळतो हे तर खरेच, पण डोंग्याच्या लाकडावर पाय आपटला तरी तो पाण्यातून लांबवर जाणवतो, असे गुरुजींनी आधीच बजावले होते.

मामांची पद्धत पाहण्यासारखी होती. बेडूक पानावर टाकायचा, क्षणभर थांबायचे, मग काठीच्या टोकाने हलका झटका देऊन त्याला पानावरून पाण्यात उडी मारायला लावायची. पुन्हा थांबायचे. पुढच्या पानावर पुन्हा तेच. खोटी माशी पाण्यावर नाचवणारा फिनलंडचा माणूस याहून वेगळे काय करतो? माशाला वाटले पाहिजे की हे भक्ष्य आपल्या पायांनी आले आहे. कोणी फेकलेले नाही.

तिसऱ्या-चौथ्या पानाजवळ पाणी फुटल्यासारखा आवाज झाला आणि काठी वाकली. मरळ ओढून काढायला मामांना दोन-तीन मिनिटे लागली असतील. हातभर लांब, काळसर हिरवी, सापासारख्या डोक्याची. डोंग्यात पडल्यावरही तिची धडपड थांबेना. गुरुजींना गांडुळावर चार-पाच लहान मासे आणि एक शिंगी मिळाली. शिंगीचा काटा विषारी असतो. विद्यार्थ्याने ती फडक्यात धरून गरी सोडवली आणि “हात लावू नका, दादा, रातभर ठणकते,” असे सांगितले. साडेसहाला काळोख झाला. परतताना पाळीवर काटक्या पेटवून लहान मासे तिथेच भाजले आणि मिठाबरोबर खाल्ले. मरळ घरी गेली. मामींनी ती अंबाडीचा आंबटपणा देऊन शिजवली आणि भाताबरोबर सगळ्यांना वाढली. डोके मात्र मामांच्या पानात पडले. तो धरणाऱ्याचा मान.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे सुमारे दीड तास पाण्यावर होतो. त्यात कामाचे क्षण जेमतेम दहा मिनिटांचे. उरलेला वेळ निव्वळ बसण्याचा. मामांना विचारले, “मासा मिळाला नसता तर?”

“तर काय जी? बसलो तर होतो ना,” मामा म्हणाले.

मरळ

मरळ हा मासा या सगळ्या गोष्टीचा नायक म्हणावा असा आहे. तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते. इतकेच नव्हे, अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. म्हणून उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला तरी ती तग धरते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात नेली तरी जिवंत राहते. पाण्यावर ती कुठे श्वास घेऊन गेली हे बुडबुड्यांवरून ओळखणारे लोक इथे आहेत.

पावसाळ्यात तिची वीण होते. गवतात जागा साफ करून ती अंडी घालते आणि नर-मादी दोघेही त्यांच्यावर पहारा ठेवतात. पिले बाहेर आली की केशरी-तांबड्या रंगाचा त्यांचा एक गोळा पाण्यात फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप फिरत असतात. या वेळी पिलांजवळ काहीही आले तरी मरळ त्वेषाने झडप घालते. म्हणजे गरीवाल्याला ती सर्वात सोपी मिळते तीही याच वेळी. पण ती गेली की त्या पिलांना खायला सगळा तलाव टपलेला असतो. मामांना याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी एका वाक्यात सांगितले, “पिलांवरची मरळ मी धरत नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “सगळे असे नाहीत आता.”

हे ‘आता’ महत्त्वाचे आहे. तो गावाचा प्रश्न आहे.

पहिल्या पावसात तलावातले मासे उलट्या प्रवाहाने धानाच्या बांध्यांमध्ये चढतात आणि तिथल्या उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात. तलाव, पाट आणि शेत यांचा असा एक जोडलेला संसार असतो. शेतात कीटकनाशके वाढली की पहिला घाव या चढणीच्या माशांवर बसतो. तलावांत मत्स्यबीज म्हणून रोहू, कटला आणि मृगळ सोडण्याची पद्धत रूढ झाली. त्याने उत्पन्न वाढले हे खरे. पण बीज सोडण्याआधी स्थानिक मासे नको असलेले म्हणून काढून टाकण्याची रीतही त्याबरोबर आली. मरळ, शिंगी, मागूर, वाम आणि अनेक लहान जाती त्यात मागे पडल्या. परदेशातून आलेला चिलापी कुठल्याही पाण्यात माजतो. बेशरमाची झुडपे काठाने वाढली की मूळच्या पाणवनस्पती हटतात आणि त्यांच्याबरोबर माशांची अंडी घालण्याची जागाही जाते.

मासे मारण्याच्या तऱ्हाही बदलल्या. माडियांच्या जुन्या पद्धती अनेक आहेत. स्वच्छ पाण्यात तिरकमठ्याने मासा टिपणे, ओढ्याला बांध घालून पाणी उपसणे, बांबूचे सापळे लावणे, बायकांनी घोळक्याने हातजाळी घेऊन नाला चाळणे. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात झाडाची साल, फळे किंवा मोहाची पेंड कुटून टाकून मासे गुंगवण्याची पद्धतही होती. तो सगळ्या गावाचा सामुदायिक कार्यक्रम असे आणि मिळालेली मासळी वाटून घेतली जाई. सालीचे विष काही वेळाने ओसरते. पण सालीऐवजी कोणी शेतातल्या औषधाची बाटली उपडी करतो तेव्हा माशांबरोबर बेडूक, खेकडे, किडे, सगळेच मरते. एका रात्रीचे काम, आणि डोह वर्षभर सुना.

पाणी कोणाचे?

आता मुख्य मुद्दा. त्या संध्याकाळी मामा ज्या सहजतेने डोंगा घेऊन पाण्यात शिरले ती सहजता सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्याला आपण निवांतपणा म्हणतो, तो मुळात हक्काचा प्रश्न आहे.

१९५१ साली मध्य प्रांतातली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे, मासळीचे वहिवाटीचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले. पण तलावाची डागडुजी कोणी करायची याचे उत्तर हरवले. मालगुजार गेले आणि गाळ काढणारे हातही गेले. मासेमारी ठेक्याने जाऊ लागली. वैनगंगेकाठच्या ढिवर समाजाने मच्छीमार सहकारी संस्था काढून हे ठेके घेतले. कित्येक कुटुंबे त्यावर जगतात. पण ठेका म्हणजे दरवर्षी भरायची रक्कम, आणि ती भरायची तर लवकर वाढणारा, बाजारात खपणारा मासा हवा. मग मरळीची वाट पाहायला सवड कोणाला? फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना मुलचेरा, चामोर्शीकडे वसवण्यात आले. मत्स्यपालनाची जाण त्यांनी या जिल्ह्यात आणली, आणि त्यांच्या मासळीनेही इथला बाजार बदलला.

एटापल्लीची गोष्ट आणखी वेगळी. हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राचे नियम यायला मात्र २०१४ साल उजाडले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर जंगलातल्या गावांचा मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क शब्दांत मान्य केला. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात तो पहिल्या काही हक्कांपैकी एक होता. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना असे हक्क मिळाले. बांबू आणि तेंदूपानाच्या विक्रीची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली, कारण त्यात पैसा दिसतो. मासळीची चर्चा झाली नाही, कारण ती बहुतेक चुलीतच संपते. तिचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. गर्भार बाईच्या ताटात, वाढत्या मुलाच्या पेजेबरोबर जे चार मासे असतात त्यांना भाव नसतो.

कागदावरचा हक्क पाण्यात उतरवायचा तर काय करावे लागते, याचे एक उदाहरण शेजारी आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जुन्या तलावांत उतरून बेशरम उपटली, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक माशांना जागा करून दिली. यात नवे यंत्र नाही की मोठा निधी नाही. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. ते विचारून घेतले, एवढेच. तलाव ज्यांचा होता त्यांना तो आपला वाटू लागला की गाळही निघतो आणि पिलांवरची मरळही वाचते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि २०२१ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर खोदकाम सुरू झाले. रोजगार आला, रस्त्यावर ट्रकांची रांग आली. पावसाळ्यात लाल गाळ शेतात आणि नाल्यांत उतरतो, अशी परिसरातल्या गावकऱ्यांची तक्रार आहे. गढूळ पाण्यात मरळीला नीट दिसत नाही. खाण हवी की नको हा वाद इथे काढण्याचे कारण नाही. पण खाणीच्या जमाखर्चात नाल्यातला मासा धरलेला नसतो, एवढे लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक गोष्ट. या तालुक्यात संध्याकाळी घराबाहेर पडणे ही कित्येक वर्षे साधी बाब नव्हती. एका बाजूला नक्षलवादी, दुसऱ्या बाजूला पोलीस. अंधारात तलावावर दिसलेल्या माणसाला दोघांनाही उत्तर द्यावे लागे. बॅटरीचा उजेड पाडायलाही लोक कचरत. गेल्या काही वर्षांत ही हिंसा ओसरत गेली. मोठे रस्ते, पूल आणि मोबाईलचे मनोरे या बदलांची नोंद सगळे घेतात. तीन मित्र रात्री सातला पाळीवर आग पेटवून बिनघोर बसू शकतात, हाही तितकाच मोठा बदल आहे.

छंद आणि भाजी

फिनलंडमध्ये एक जुनी रीत आहे. तिथे साध्या काठीला दोरा आणि गळ बांधून मासे धरायला, सर्वसाधारणपणे कोणालाही, परवाना लागत नाही. तळे कोणाच्याही मालकीचे असो. यांत्रिक रीळ वापरायचे तर ठरावीक वयाच्या माणसांना शुल्क भरावे लागते. साधी काठी मात्र मोकळी. श्रीमंत देशाने आपल्या गरिबीच्या काळातली ही रीत मोडली नाही. कारण त्यांना कळले असावे की काठी घेऊन पाण्याकाठी बसण्याचा अधिकार माणसाकडून काढून घेतला तर देशात तळी कितीही असोत, ती त्याची राहत नाहीत.

आपल्याकडे उद्या एटापल्लीच्या तलावांवरही रंगीत कयाक येतील. पर्यटनाचे आराखडे होत असतात आणि डोंगर, जंगल, पाणी यांची छायाचित्रे त्यांत छान दिसतात. येऊ देत. शहरातल्या मुलांनी मोबाईल बाजूला ठेवून अर्धा तास पाण्याकडे पाहिले तर त्यांचे भलेच होईल. मुलांना सुटीत कुठे न्यावे असा प्रश्न पडणाऱ्या आईबापांनी कधी तरी नागपूर-चंद्रपूरच्या पुढे आलापल्लीची सागवाने ओलांडून यावे, आणि एखाद्या गावात ओळख काढून, विचारून, गरी टाकून बसावे. फक्त त्या आराखड्यात एक कलम आधी लिहिलेले असावे: तलाव गावाचा, डोंगा मामांचा आणि पिलांवरची मरळ कोणाचीच नाही.

कारण इन्युइटांच्या कयाकचे जे झाले ते डोंग्याचे होऊ नये. मामांच्या घरी छंद आणि भाजी अजून एकाच टोपलीतून येते. मासा मिळाला तर ताटात पडतो, नाही मिळाला तर संध्याकाळ पदरात पडते. पोट आणि मन यांची अशी वाटणी न करता जगण्याची सोय आपल्या राज्यात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ती राखायला फार मोठा खर्च येत नाही. पाळीची डागडुजी, काठावरची थोडी हिरवळ, विषाची बाटली दूर ठेवण्याचा गावाचा निर्धार आणि पाणी कोणाचे या प्रश्नाचे कागदावर मिळालेले उत्तर प्रत्यक्षात आणण्याची सरकारची तयारी, एवढे पुरे आहे.